सोळाशे मीटर आणि चौघे

सोळाशे मीटर म्हणजे किती, हे पिशोरच्या तरुणाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. कन्नड तालुक्यातील या बाजाराच्या गावातून निघणाऱ्या रस्त्यांवर, मका-कपाशीच्या शेतांवर पुरते उजाडण्यापूर्वी, जी मुले धावताना दिसतात, त्यांच्या मनात हेच अंतर असते. राज्य पोलीस दलाच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला सोळाशे मीटर धावून दाखवावे लागते. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेसाठी राखलेले असून, ते सर्वच्या सर्व हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत अंतिम रेषा गाठावी लागते. मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या गावी जावे, पहाटेचे हे दृश्य सारखेच आहे. मुले एकत्र निघतात, एकमेकांच्या घड्याळावर वेळ मोजतात, थकल्यावर एकाच कट्ट्यावर बसतात. परंतु धावताना प्रत्येक जण एकटा असतो. किंबहुना शेजारी धावणारा मित्र हाच त्याचा प्रतिस्पर्धी असतो, कारण जागा मोजक्या आणि उमेदवार असंख्य.

याच सोळाशे मीटरांची आणखी एक शर्यत आहे. ती चौघे मिळून धावतात. प्रत्येकाच्या वाट्याला चारशे मीटर येतात, आणि हातातील वीतभराहून थोडी मोठी पोकळ नळी पहिल्यापासून चौथ्यापर्यंत पोहोचवावी लागते. तालुक्याच्या शालेय स्पर्धांत ती ‘चार गुणिले चारशे रिले’ या नावाने सर्वांच्या परिचयाची आहे. मैदानी स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेत ती बहुधा अगदी अखेरीस येते, आणि तोवर निम्मी मुले एस.टी. पकडण्यासाठी निघून गेलेली असतात. आज विचार करावयाचा तो या शर्यतीचा. मात्र त्यासाठी पिशोरहून थेट हंगेरीपर्यंत जाऊन यावे लागेल.

२६ ऑगस्ट २०२३ रोजी बुडापेस्ट येथे जागतिक मैदानी स्पर्धेतील पुरुषांच्या ४ × ४०० मीटर रिलेची प्राथमिक फेरी झाली. भारतातर्फे मुहम्मद अनस याहिया, अमोज जेकब, मुहम्मद अजमल वारियाथोडी आणि राजेश रमेश या क्रमाने धावले. शर्यत संपली तेव्हा अमेरिका पहिली होती, २ मिनिटे ५८.४७ सेकंद, आणि तिच्या पाठोपाठ, ब्रिटनसारख्या देशाला मागे टाकून, भारत होता, २ मिनिटे ५९.०५ सेकंद. तो त्या वेळी आशियाई विक्रम ठरला. आदल्या वर्षी अमेरिकेतील ओरेगॉन येथे जपानने २ मिनिटे ५९.५१ सेकंद अशी वेळ नोंदविली होती. ती मागे पडली. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत भारत २ मिनिटे ५९.९२ सेकंदांसह पाचवा आला. अमेरिकेने २ मिनिटे ५७.३१ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. फ्रान्स, ब्रिटन आणि जमैका हे तिघे भारताच्या पुढे होते. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने ८८.१७ मीटर भाला फेकून भारताला जागतिक स्पर्धेतील मैदानी खेळांचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. साहजिकच दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे भाल्याने व्यापली, आणि पाचव्या क्रमांकाच्या चौघांना त्या आनंदात एक कोपरा मिळाला. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु त्या कोपऱ्यातील बातमीत एक हिशेब दडलेला होता, आणि तो शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडावा असा आहे.

त्या काळी ४०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम अनसच्या नावावर होता. २०१९ मध्ये नोंदलेली ती वेळ ४५.२१ सेकंद. आता अशी कल्पना करा, की भारताकडे अनससारखे चार अनस आहेत आणि चौघेही एकाच दिवशी आपला विक्रम गाठतात. ४५.२१ ची चौपट १८०.८४, म्हणजे ३ मिनिटे ०.८४ सेकंद. प्रत्यक्षात बुडापेस्टला धावलेल्या चौघांनी याहून १.७९ सेकंद कमी घेतले, आणि अनस वगळता उरलेल्या तिघांपैकी कोणाचाही वैयक्तिक उच्चांक ४५.२१ एवढा चांगला नव्हता. चौघांपैकी एकानेही तोवर ४०० मीटरच्या वैयक्तिक शर्यतीत जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी पाहिलेली नव्हती.

अर्थात हे गणित थोडे फसवे आहे, आणि विद्यार्थ्यांपुढे ते मांडताना त्याची फसवी बाजूही सांगितली पाहिजे. रिलेतील पहिला धावपटू जमिनीवर वाकून, स्थिर अवस्थेतून सुटतो. उरलेले तिघे मात्र बॅटन हाती येण्यापूर्वीच धावू लागलेले असतात, त्यामुळे आरंभी वेग घेण्यात जाणारा वेळ त्यांचा वाचतो. हा लाभ प्रत्येक संघाला सारखाच मिळतो. तरीही हिशेब पुरा होत नाही. पुढे प्रतिस्पर्ध्याची पाठ दिसत असताना, आणि मागे तीन सोबत्यांचे श्रम आपल्या मुठीत आहेत याची जाणीव असताना, मनुष्य एकट्याने धावतो त्याहून अधिक धावतो. हा भाग घड्याळाला वेगळा काढून दाखविता येत नाही. प्रशिक्षक मात्र संघातील धावपटूंचा क्रम लावताना त्याचा विचार करतात. एखादा गर्दीत चांगला धावतो, एखाद्याला मोकळी वाट लागते, एखादा मागून येऊन गाठण्यात पटाईत असतो.

शंभर-शंभर मीटरच्या छोट्या रिलेत तर हे अधिकच ठळक दिसते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जपानने ४ × १०० मीटरमध्ये ३७.६० सेकंदांसह रौप्यपदक मिळविले. अमेरिकेच्या आधी त्यांनी रेषा ओलांडली होती. त्या दिवसापर्यंत त्या चार जपानी धावपटूंपैकी एकानेही शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत पार केलेले नव्हते. जपान्यांनी जिंकले ते बॅटनच्या अदलाबदलीत. खालून वर देण्याची एक पद्धत त्यांनी वर्षानुवर्षे घोटून घोटून अशी तयार केली होती, की ती देताना दोघांचाही वेग कमी होऊ नये. उलट बाजूला अमेरिकेचे उदाहरण आहे. जगातील सर्वांत वेगवान माणसे पदरी असूनही हा देश २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीतच बाद झाला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अदलाबदलीतील चुकीमुळे अपात्र ठरला. पॅरिसचे ते सुवर्णपदक कॅनडाने ३७.५० सेकंदांत पटकाविले. आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ रोजी चंडीगड येथे गुरिंदरवीर सिंग, अनिमेष कुजूर, मणिकंठ होबळीधर आणि अमलान बोरगोहाईन यांनी ३८.६९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्याची सरासरी प्रत्येकी पावणेदहा सेकंदांच्याही आत येते, आणि तोवर शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेला एकही भारतीय नव्हता. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळविताना नोंदलेला ३८.८९ सेकंदांचा जुना विक्रम त्या दिवशी मोडला.

या खेळाचे नियमही पाहण्यासारखे आहेत. बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांबीची, किमान ५० ग्रॅम वजनाची एक गुळगुळीत पोकळ नळी असते. ती ठराविक पट्ट्यातच हातात द्यावी लागते. चारशेच्या रिलेत हा पट्टा २० मीटरचा असतो, तर शंभरच्या रिलेत पूर्वी तोही २० मीटर होता, तो अलीकडे ३० मीटर करण्यात आला. धावपटू कोठे उभा आहे याला महत्त्व नाही. नळी त्या पट्ट्यात असली पाहिजे. ती खाली पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलावी. शंभरच्या रिलेत घेणारा मागे वळून पाहत नाही. त्याने धावपट्टीवर एक खूण केलेली असते. येणारा त्या खुणेवर पोहोचला की हा सुटतो, आणि ठराविक पावलांनी हात मागे करतो, तेव्हा बॅटन हातात पडणारच या भरवशावर. चारशेच्या रिलेत मात्र घेणाऱ्याला पाहावेच लागते, कारण येणारा गडी साडेतीनशे मीटरनंतर किती गळालेला असेल हे आधी सांगता येत नाही. पहिला धावपटू सारी फेरी आपल्याच पट्ट्यात धावतो. दुसऱ्याला पहिले वळण आपल्या पट्ट्यात घेऊन मगच आत शिरता येते. तिसऱ्या आणि चौथ्यासाठी वाट पाहणारे तर आपापले संघ निम्म्या फेरीच्या खुणेवरून ज्या क्रमाने जातील त्या क्रमाने उभे राहतात. मोठ्या स्पर्धेतील ढकलाढकल होते ती येथेच. चित्रवाणीवर पाहणाऱ्याला तो गोंधळ वाटतो. वस्तुतः तेथे एकेका पावलाचा हिशेब चाललेला असतो.

४ ऑक्टोबर २०२३ ची संध्याकाळ मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्या एका संध्याकाळी भारताला मैदानी खेळांत अनेक पदके मिळाली. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेने ५००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले. तीनच दिवसांपूर्वी त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे १९.५० सेकंदांसह सुवर्णपदक जिंकले होते. त्याच संध्याकाळी महिलांच्या ४ × ४०० मीटर रिलेत भारताने रौप्यपदक मिळविले, आणि त्या चौघींत मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. आणि त्याच संध्याकाळी अनस, अमोज, अजमल व राजेश यांनी ३ मिनिटे १.५८ सेकंदांत पुरुषांच्या रिलेचे सुवर्णपदक मिळविले. कतार दुसरा आणि श्रीलंका तिसरा आला. या शर्यतीत आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण भारताला १९६२ नंतर, म्हणजे ६१ वर्षांनी मिळत होते.

एकाच मैदानावर, थोड्या वेळाच्या अंतराने, मराठवाड्याचा एक मुलगा एकटा बारा-साडेबारा फेऱ्या धावतो आणि पदक आणतो. आणि चौघांच्या रांगेत मात्र महाराष्ट्राचा कोणी नसतो. अनस आणि अजमल केरळचे, अमोज दिल्लीत घडलेला, राजेश तामिळनाडूचा. हा निव्वळ योगायोग म्हणावा काय? महाराष्ट्राची धावण्याची परंपरा पाहिली तर ती मुख्यतः लांब पल्ल्याच्या एकट्या वाटसरूंची आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले त्यामागे सर दोराबजी टाटा आणि पुण्याचे डेक्कन जिमखाना यांचा पुढाकार होता, आणि त्या संघातील बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला होता. अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांचे दम पाहूनच ती कल्पना पुढे आली. शंभर वर्षांनी कविता राऊत, ललिता बाबर, अविनाश साबळे ही नावे त्याच वाटेवरची आहेत. मुंबईच्या लेव्ही पिंटोने १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटरची सुवर्णपदके मिळविली, ती या परंपरेतील अपवादासारखी उठून दिसतात.

याचे कारण रक्तात किंवा मातीत शोधण्याची आपल्याला फार हौस आहे. डोंगराळ भाग, भाकरीचा जेवणखाण, चिवट काठी, असे काहीबाही सांगितले जाते. खरे कारण बहुधा अधिक साधे असावे. लांब धावण्यासाठी रस्ता पुरतो. साबळे लहानपणी शाळेत जाण्यायेण्यासाठी काही किलोमीटरची पायपीट करीत असे. पुढे तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये गेला आणि तेथे त्याची खरी पारख झाली. पिशोर ते भराडी, पिशोर ते नाचनवेल अशा वाटेवर पाच-दहा किलोमीटर धावायला कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणाची सोबतही लागत नाही. चारशे मीटरच्या आखीव धावपट्टीला मात्र सुमारे चार एकर सपाट जमीन लागते. आखीव वळण कसे घ्यावे, पट्टा कसा राखावा, हे पायांना शिकवायचे तर वळण असलेले मैदान हवे, आणि रिलेसाठी तर एकाच वेगाची, एकाच वेळी, एकाच ठिकाणी येणारी चार मुले हवीत, शिवाय हाती शिट्टी घेऊन उभा राहणारा एक जाणता माणूस हवा. यातील जमीन गावाकडे एक वेळ निघेल. चार मुले तर भरपूर निघतील. अडते ते शेवटच्या गोष्टीपाशी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची चाळली तर तिच्यात प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे लिहिलेले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, विद्यार्थिसंख्या शंभराहून अधिक असेल तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक असावेत असेही लिहिलेले आहे; मात्र ते अंशकालीन. हा एक शब्द वाचल्यावर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. कायद्यानेच ज्या विषयाला अर्धा माणूस दिला, त्याचा तास गणिताच्या उरलेल्या धड्यासाठी वापरला गेला तर मुख्याध्यापकाला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असला तरी त्याच्या मागे जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी आणि माहिती भरण्याचे ऑनलाइन फतवे असतात. हे सारे शिक्षक-वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यातूनही जे शिक्षक संध्याकाळी थांबून मुलांना चुन्याच्या रेषांवर उभे करतात, त्यांच्या श्रमावरच जिल्हा आणि विभाग पातळीवरील शालेय स्पर्धा आजवर चालल्या आहेत.

एक शंका येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पिशोरच्या तरुणापुढे भरतीचा प्रश्न आहे, पोटाचा प्रश्न आहे. वय निघून चालले आहे, घरची शेती आले आणि कपाशीच्या भावावर डोलते आहे. अशा मुलाला रिलेचे कौतुक सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीची शिस्त शिकविण्यासारखे नव्हे काय? शंका खोटी नाही. परंतु त्या चौघांकडेच पाहा. अनसला नौदलाने आधार दिला. राजेश रमेश दक्षिण रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्यांच्यासोबतचा ज्येष्ठ धावपटू आरोकिया राजीव हा तामिळनाडूतील एका खेड्यातून सैन्यात आलेला. हे कोणी श्रीमंत घरचे हौशी खेळाडू नव्हेत. पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या मुलांचेच ते सोबती आहेत. फरक इतकाच पडला, की नोकरीच्या आत किंवा नोकरीच्या आधी कोणीतरी त्यांना एका धावपट्टीवर एकत्र आणले. पुढे तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय शिबिरात ही मुले महिनोन्‌महिने एकत्र राहिली आणि जमैकाच्या जेसन डॉसन यांच्या हाताखाली एकत्र घोटली गेली.

आणि रिलेची एक बाजू अशी, जिचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. वैयक्तिक शर्यतीत देशात पाचव्या-सहाव्या असलेल्या मुलाला बहुधा कोणी विचारीत नाही. रिलेच्या संघात मात्र त्यालाही जागा असते. मे २०२४ मध्ये बहामा बेटांतील नासाऊ येथे ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी जागतिक रिले स्पर्धा झाली. पहिल्या दिवशी दुसऱ्या टप्प्यात राजेश रमेशच्या पायात गोळे आले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. चौघांचा डाव एका पायाने संपला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या एकमेव संधीसाठी त्याच्या जागी तेहतिशीच्या आसपासचा राजीव उभा राहिला, भारत ३ मिनिटे ३.२३ सेकंदांसह अमेरिकेच्या मागे दुसरा आला, आणि पॅरिसची जागा मिळाली. पॅरिसला ३ मिनिटे ०.५८ सेकंद धावूनही अंतिम फेरी हुकली. त्याआधी २०२१ मध्ये टोकियोला ३ मिनिटे ०.२५ सेकंद हा तेव्हाचा आशियाई विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली होती, हेही येथे नोंदविले पाहिजे. ऑलिंपिकची पातळी आशियाच्या विक्रमावर समाधान मानत नाही.

एकाच्या पायाने डाव संपतो, तसा एकाच्या चुकीनेही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील जमैकाचे ४ × १०० मीटरचे सुवर्णपदक २०१७ मध्ये काढून घेण्यात आले, कारण नेस्टा कार्टरच्या जुन्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले. त्या चौघांत उसेन बोल्टही होता. त्याची स्वतःची काही चूक नसता त्याला पदक परत करावे लागले. आपल्या बाजूला उलटा अनुभव आला. २०१८ च्या जाकार्ता स्पर्धेत मिश्र रिलेत अनस, पूवम्मा, हिमा दास आणि राजीव यांना मिळालेले रौप्य, बहरीनच्या एका धावपटूवर बंदी आल्यामुळे पुढे सुवर्ण झाले. ते सुवर्ण हाती आले तेव्हा जाकार्ताचे मैदान केव्हाच ओस पडलेले होते.

१९६२ च्या जाकार्ताची आठवण वर आली. त्या वेळी भारताने ३ मिनिटे १०.२ सेकंदांत रिले जिंकली होती. संघात दलजितसिंग, जगदीशसिंग, माखनसिंग आणि मिल्खासिंग होते. यांतील चौथे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यावर चित्रपटही निघाला. माखनसिंगचे काय? त्याच स्पर्धेत ४०० मीटरच्या वैयक्तिक शर्यतीत मिल्खाच्या पाठोपाठ दुसरा आला तो माखनसिंग. कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने मिल्खाला हरविलेही होते. १९६४ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकच्या रिले संघातही तो धावला. सैन्यातून निवृत्त झाल्यावर पोटासाठी त्याने मालमोटार चालविली, पुढे त्याचा एक पाय कापावा लागला, आणि २००२ मध्ये त्याचे निधन झाले. चौघांनी मिळून जिंकलेले पदक आपण एकाच्या नावावर खर्ची टाकले. दलजित आणि जगदीश यांची तर नावेही सांगावी लागतात. शाळेच्या फलकावर विजयी रिले संघाची नावे लिहिताना आपण ‘अमुक व इतर तीन’ असे लिहितो, त्याची सवय फार जुनी आहे.

तरीही सोपवणे ही गोष्ट मराठी माणसाला परकी आहे असे म्हणता येत नाही. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ च्या सुमारास बांधले गेले. त्या खेळाचा गाभा काय आहे? धावणाऱ्याने बसलेल्याच्या पाठीशी येऊन खो द्यायचा, आणि बसलेल्याने खो मिळाल्यावाचून जागा सोडायची नाही. आधी उठला तर नियमभंग. बॅटनच्या पट्ट्याचा नियम याहून फारसा निराळा नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. नवरात्रात तुळजापूरहून, माहूरहून, वणीच्या गडावरून आपापल्या गावी ज्योत आणणारी मुले शेकडो किलोमीटर धावतात ती याच रीतीने. एक थकला की दुसरा पुढे होतो, मशाल विझू न देता हातातून हातात जाते, आणि बाकीचे मागून टेम्पोत येत असतात. त्यात पहिला कोण आला असे कोणी विचारीत नाही. जुन्या काळी डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्याने थैली पोहोचवीत, तेही आपल्याच वाटांवरून. ज्योत आणणारी आणि भरतीसाठी पळणारी मुले पुष्कळदा तीच असतात, ही गोष्ट क्रीडाशिक्षकांच्या नजरेतून सुटली असेल असे वाटत नाही.

छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. तेथवर पोहोचणारी मुले निवडक असतात, आणि निवड होते ती वैयक्तिक वेळेवर. म्हणजे पुन्हा एकट्याच्या धावेवर. तालुक्याच्या पातळीवर एखादा चांगला रिले संघ तयार झाला, तरी जिल्हा स्पर्धा संपल्यावर तो मोडतो. चौघांपैकी एक जण दहावी होऊन शहरात जातो, दुसरा ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर निघतो, तिसऱ्याचे वय एका गटातून दुसऱ्या गटात जाते. संघ म्हणून त्यांची नोंद कोठेच राहत नाही. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे आशियाई मैदानी स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने ३ मिनिटे ३.६७ सेकंदांसह रौप्यपदक मिळविले. कतार अवघ्या ०.१५ सेकंदाने पुढे होता. जयकुमार, धर्मवीर चौधरी, मनू साजी, विशाल असे चारही धावपटू नव्या दमाचे होते. त्याच वर्षी विशालने अनसचा ४५.२१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रमही मोडला. म्हणजे चौघांची रांग पुढे सरकते आहे, आणि तिच्यात जागा रिकाम्या होत राहणार आहेत.

तूर्त तालुका क्रीडा समित्यांना एवढे करता येण्यासारखे आहे, की रिलेची शर्यत दिवसाच्या अखेरीस न ठेवता सकाळी, पोरांच्या पायांत बळ असताना आणि गावाला जाणाऱ्या गाडीची घाई नसताना घ्यावी. शाळांना दोनशे मीटरचे वर्तुळ आखता आले तरी पुरे. चारशेसाठी त्याच्या दोन फेऱ्या, आणि बॅटन देण्याघेण्याचा २० मीटरचा पट्टा चुन्याने. बॅटन विकत आणली नाही तरी चालेल. २८ ते ३० सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही टोके घासून गुळगुळीत केलेला लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा सरावाला पुरतो. आणि पहाटे रस्त्यावर सोळाशे मीटर मोजणाऱ्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस चौघा-चौघांचे गट पाडून तेच अंतर वाटून धावून पाहावे. आपली नेहमीची पाच मिनिटे दहा सेकंदांची वेळ चौघांत कोठवर खाली येते, ते त्यांनी आपल्याच घड्याळावर मोजावे आणि चौघांचीही नावे वहीत लिहून ठेवावीत.